सुरुवातीला काय वाचू?

माझी भाची एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या जुलैत एका रविवारी, जेवून मी जरा आडवा झालो असताना तिचा फोन आला.

"मामा, सोशल इकॉनॉमिक्सवर सुरुवातीला काय वाचू?"

हा प्रश्न विचारायला तिला मीच का आठवलो, तर मी ३१ वर्षं बँकेत होतो. बँकेतल्या माणसाला अर्थशास्त्र येतं, अशी आमच्या नात्यागोत्यात पक्की समजूत आहे. पोस्टमनकडून प्रेमपत्र लिहून घ्यायला कुणी जात नाही; पण अर्थसंकल्पाच्या दिवशी मला मात्र कोल्हापूरपर्यंतचे फोन येतात. मी ३१ वर्षांत केलं काय? लोकांच्या नोटा मोजल्या, सह्या जुळवल्या आणि "चेक वटला का?" या प्रश्नाला "सोमवारी या" असं उत्तर दिलं. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला, एवढं मला माहीत होतं, कारण एप्रिलच्या कार्यक्रमात आमचे मॅनेजर दर वर्षी ते सांगायचे. तो ग्रंथ आमच्यापैकी कुणीही उघडला नव्हता, मॅनेजरांनीही नाही. दिवसभर रुपया हातात असला की त्याच्या प्रॉब्लेमकडे लक्ष जात नाही.

पण मामा या पदाला "मला माहीत नाही" असं म्हणायची मुभा नसते. मी म्हटलं, "बघतो." 'बघतो' हा शब्दही मी बँकेतूनच आणलेला आहे.

तिच्या सरांनी वर्गाला सांगितलं होतं : विषयाची ओळख करून देणारी पाच वाचनं निवडा, प्रत्येकावर दहा ओळी लिहा, पंधरा दिवसांत द्या. यादी सर देणार नव्हते. यादी शोधणं हाच अभ्यास आहे, असं त्यांचं म्हणणं. ही पद्धत मला ओळखीची वाटली. आमच्याकडेही एखादं परिपत्रक वरच्यांना कळलं नाही की ते "आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा" असं लिहून खाली पाठवत.

"म्हणजे नेमका विषय काय गं?" मी विचारलं.

"मामा, नेहमीच्या अर्थशास्त्रात माणूस एकटा बाजारात जातो. भाव बघतो, फायदा बघतो, घेतो, परत येतो. यात तो एकटा जात नाही. त्याचे शेजारी, त्याची जात, त्याची मावशी, लोक काय म्हणतील, सगळं त्याच्याबरोबर बाजारात जातं."

मला वाटलं, मग पहिल्या अर्थशास्त्रातला माणूस कोण? असा माणूस मी तरी आजवर एकच पाहिला आहे. तो आमच्या शाखेत हाउसिंग लोनला होता आणि त्याच्याशी कुणी बोलत नसे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्याकडे पुस्तकं इतकी, की मिसळणाचा डबा काढायला वहिनींना आधी दोन खंड बाजूला करावे लागतात. मी वही घेऊन गेलो.

"कीन्सपासून सुरू कर म्हणावं," ते म्हणाले. मी लिहिलं : कीन्स, १९३६. "पण मार्शल वाचल्याशिवाय कीन्स कळायचा नाही." मार्शल, १८९०. "आणि मार्शल म्हणजे काय, तर मिलच्या खांद्यावर उभा." मिल, १८४८. "मिलच्या आधी रिकार्डो हवाच." १८१७. दुसरा चहा आला तेव्हा आम्ही १७७६ मध्ये ॲडम स्मिथच्या दारात उभे होतो. मला वाटलं, आता टेकू. पण प्राध्यापकांनी हात वर केला. "थांबा! 'वेल्थ ऑफ नेशन्स' आधी नाही. स्मिथने १७५९ मध्ये 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' लिहिलं. माणसाला दुसऱ्याबद्दल काही वाटतं का, कसं वाटतं, ते त्यात आहे. तुमचं सामाजिक म्हणतात ते तिथे!" पोहे संपेपर्यंत कौटिल्य आला. मी मनाशी हिशेब केला. भाचीचं हे सुरुवातीचं वाचन तिच्या निवृत्तीच्या सुमाराला संपलं असतं आणि मग ती मोकळेपणाने विषयाला हात घालू शकली असती.

मात्र त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी इथेच डेक्कन कॉलेजात भाषण दिलं. त्याचा मथितार्थ असा, की इंग्लंडात तयार झालेलं अर्थशास्त्र सगळीकडे जसंच्या तसं लागू पडतं हे धरून चालू नका. आपल्या समाजाची घडण वेगळी आहे. पुण्यात बाहेरचं काहीच जसंच्या तसं लागू पडत नाही, हे इथला रिक्षावालाही सांगेल. पण ते न्यायमूर्तींनी सांगितलं आणि कॉलेजात सांगितलं, म्हणून त्याचा विषय झाला.

घरी येऊन मी हिला स्मिथची टाचण्यांची गोष्ट सांगितली. एक टाचणी करायला अठरा कामं असतात. एकट्याने सगळी केली तर दिवसाला वीससुद्धा व्हायच्या नाहीत. पण दहा माणसांनी ती वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० टाचण्या! ही मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि याचं जेवण कोण करत होतं?"

मी दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विचारलं. स्मिथ जन्मभर अविवाहित होता. घर त्याची आई बघायची आणि नात्यातली एक बहीणही. पुढे एका स्वीडिश पत्रकार बाईंनी नेमक्या याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं, असंही कळलं. मी ते हिला सांगितलं. "बघा," ती म्हणाली, "आणि मी फुकट सांगितलं." मेथीची जुडी माझ्यापुढे सरकली. श्रमविभागणी आमच्या घरात तिथून सुरू झाली.

यानंतर कॉम्रेड. हे माझे बँकेतले सहकारी, युनियनचे. मी काही विचारायच्या आतच त्यांनी 'कॅपिटल'चा पहिला खंड माझ्या हातात ठेवला. लाल कापडी बांधणी, वजन साधारण दोन किलो बासमतीएवढं. "१८६७," ते म्हणाले, "यानंतर काही लिहायची गरज नव्हती." आत ३८ व्या पानावर एक खूण होती. १९८४ सालचं एसटीचं तिकीट, पुणे-सातारा.

लोक पुस्तकांविषयी काहीही सांगोत, खुणा खोटं बोलत नाहीत. पिकेटी नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचा सातशे पानी ग्रंथ २०१४ मध्ये इंग्रजीत आला तेव्हा एका अमेरिकन गणितज्ञाने गंमत म्हणून एक हिशेब मांडला. किंडलवर वाचणाऱ्यांनी अधोरेखित केलेली वाक्यं कुठल्या पानांवर आहेत ते बघायचं आणि त्यावरून लोक कुठवर पोचले ते ताडायचं. पिकेटीच्या वाट्याला २.४ टक्के आले. त्या मानाने साताऱ्याच्या एका खेपेत आमच्या कॉम्रेडांनी जगाची लाज राखली होती.

मग माझे साडू. ते नगरकडच्या एका पतसंस्थेचे चेअरमन. "सामाजिक अर्थशास्त्र म्हणजे सहकार, दुसरं काही नाही," असा त्यांचा शेरा. याला आधार आहे. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी पैपैसा जमवून पीठ, लोणी आणि साखर विकणारं दुकान काढलं, तिथून ही कथा सुरू होते. आणि इकडे लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ, म्हणजे एक शेतकरी आणि एक अर्थशास्त्रज्ञ, यांनी मिळून सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथे ती आपल्या घरात येते. गाडगीळ म्हणजे पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, १९३० साली ती निघाली तेव्हाचे पहिले संचालक. हे सगळं साडूंनी मला उभ्या उभ्या सांगितलं आणि वाचनासाठी म्हणून त्यांच्या संस्थेचा वार्षिक अहवाल दिला. पहिली चौदा पानं संचालकांचे फोटो. पंधराव्या पानावर दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. सोळाव्यावर ताळेबंद, तो इतक्या बारीक टायपात, की त्यातलं काही वाचता आलंच तर तो निव्वळ योगायोग समजावा. मी तोही पिशवीत टाकला. नातं आहे.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलाने वर न बघता विचारलं, "कुठलं सेम? गाइड की अपेक्षित?"

"सोशल इकॉनॉमिक्सची ओळख करून देणारं काहीतरी हवंय."

त्याने आत हाक मारली. आतून हाक आली. तो म्हणाला, "असं एकत्र येत नाही काका. सोशल सायन्स आहे, इकॉनॉमिक्स आहे. दोन्ही घ्या, रबर लावून देतो."

या दोन शास्त्रांना एकत्र आणण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यात हा सर्वांत कमी खर्चाचा असावा.

वाचनालयातही तोच पेच, फक्त सभ्य आवाजात. तिथल्या बाईंनी चष्मा सारखा करून विचारलं, "सामाजिकमध्ये बघू, की अर्थमध्ये?" ड्यूई नावाच्या ग्रंथपालाच्या पद्धतीत अर्थशास्त्राला ३३० आकडा आहे, समाजशास्त्राला ३०१ आणि गृहशास्त्राला ६४०. म्हणजे एकाच कुटुंबाची हकिगत, पण बाप कमावतो ते एका कपाटात, शेजाऱ्यांशी पटत नाही ते दुसऱ्यात आणि आई स्वयंपाक करते ते थेट मागच्या खोलीत. मला तिन्ही ठिकाणी हिंडवलं, आणि मागच्या खोलीच्या वाटेवर 'गावगाडा' सापडलं.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं हे पुस्तक १९१५ सालचं. मी ते तिथेच खिडकीत बसून वाचायला लागलो आणि वाचनालय बंद व्हायची घंटा झाली तेव्हाच उठलो. गाव कसं चालतं ते या माणसाने यंत्र खोलून दाखवावं तसं दाखवलं आहे : पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, कोण कुणाचं काय करतो आणि सुगीला खळ्यावर कुणाला किती धान्य मिळतं. सुताराने नांगर वर्षभर दुरुस्त करायचा, न्हाव्याने वर्षभर डोकी करायची, आणि पैसे रोजच्या रोज नाहीत. पीक आलं की पायली-पसा. कोण आधी उचलणार, कुणाचा वाटा कुणाच्या मागून, हेही ठरलेलं. आणि ते जातीने ठरलेलं, त्यात इकडचं तिकडे नाही. वाचताना कधी हसू येतं, कधी नाही.

पुस्तक मिटून घरी आलो तर सोसायटीचा वॉचमन जिन्यात उभा. दिवाळी तीन महिन्यांवर होती, पण त्याने आत्तापासून जास्त वाकून नमस्कार करायला सुरुवात केली होती. आमच्याकडे वॉचमन, झाडूवाली, पेपरवाला, दूधवाला, इस्त्रीवाला, कचरेवाला, गाड्या पुसणारा, लिफ्टवाला, गॅसवाला, कुरिअरवाला आणि पोस्टमन असे अकरा होतात. केबलवाल्याला धरलं तर बारा. प्रत्येकाची दिवाळीची पोस्त ठरलेली, आणि ती कुठल्याही करारात लिहिलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एकदा ती देण्याचं तत्त्वतः नाकारलं. "पगार देतो ना आपण?" असा त्यांचा मुद्दा होता, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो बिनतोड होता. त्यानंतर वर्षभर त्यांचा पेपर जिन्यात ओल्या पायरीवर पडत राहिला.

वाचनालयाच्या त्याच फेरीत फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' बाईंनी स्वतःहून काढून दिला. १८८३. जन्मापासून मरणापर्यंत आणि त्याही पुढे श्राद्धापर्यंत शेतकऱ्याच्या खिशात कुणाकुणाचे हात जातात, भटाचा कुठला, कारकुनाचा कुठला, गोऱ्या साहेबाच्या बेपर्वाईचा कुठला, हे त्यांनी एकेक दाखवलं आहे. आणि नुसती तक्रार नाही. बंधारे घाला, जनावरांची अवलाद सुधारा, मुलांना शिकवा, असंही सांगितलं आहे. मी पुस्तकाची नोंद करून घेत होतो तेव्हा शेजारी उभा असलेला शिपाई सहज म्हणाला, "दुष्काळाचं काही आहे का यात? बहात्तरच्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची. मी पाठीला असायचो." मी त्याला म्हटलं, मंदीत सरकारने काम काढावं असं कीन्सने लिहिलंय. तो म्हणाला, "असेल." त्या खडीच्या कामांतून पुढे आपली रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीनेही देशासाठी तसाच केला. शिपायाने पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

आता भिशीबद्दल. मला स्वतःला या सगळ्या भानगडीत काही कळलं असेल, तर ते भिशीत.

हिची भिशी अठरा वर्षांची आहे. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, म्हणजे दर महिन्याला एकीला चोवीस हजार. स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाच्या तरी नातवंडाने एक उचलायची. बँकवाला म्हणून मी या प्रकाराकडे वरून बघत असे. पहिला नंबर लागणारीला बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटच्या नंबरवालीला व्याजाविना ठेव ठेवावी लागते. हे कागदावर मांडून मी हिला एकदा समजावूनही सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या बँकेत किती बुडाले हो?" आमच्याकडे दोन जामीनदार, स्टॅम्पपेपर, गहाणखत, सगळं असे आणि तरी बुडणारे बुडत. भिशीत एक पैसा बुडाला नव्हता. एक बाई तर पहिला नंबर घेऊन पुढच्याच महिन्यात बदलीने नागपूरला गेल्या. त्या उरलेले अकरा महिने पैसे पाठवत राहिल्या आणि संक्रांतीला वर संत्राबर्फीही.

प्राध्यापकांकडून कळलं की अमेरिकेतल्या गीर्ट्झ नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये जावा बेटावरच्या अशाच प्रकारावर निबंध लिहिला आहे. तिथे त्याला 'अरिसान' म्हणतात. मी उत्साहाने हिला सांगायला गेलो. त्या दिवशी भिशी आमच्याकडे होती. चहा-साबुदाणावडे झाले, चिठ्ठी निघाली, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा नंबर आला, टाळ्या झाल्या, बायका गेल्या. वाटी सोफ्याखाली लवंडली होती. मी वाकून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि सवयीने मोजल्या, सवयीने उघडूनही बघितल्या.

सगळ्यांवर एकच नाव होतं.

त्या वहिनींच्या यजमानांची बायपास पुढच्या आठवड्यात होती.

मी हिच्याकडे बघितलं. "नातवंडांना वाचता येत नाही," ती म्हणाली, "आणि मोठ्यांना वाचायची गरज नसते. द्या ती वाटी इकडे." ज्यांच्या घरी लग्न, त्यांच्या नावाच्या बारा चिठ्ठ्या, ज्यांच्या घरी आजारपण, त्यांच्या नावाच्या बारा. कुणी मागत नाही, कुणी दिलं असंही होत नाही, नशिबाने लागला! मागणारीचं तोंड राहतं. मी ३१ वर्षं कर्जमंजुरीचे अर्ज तपासले, त्यात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असायचा. तो लोकांकडून भरून घेताना त्यांची मान किती खाली जायची, ते त्या दिवशी वाटी धुताना आठवलं.

इथवर माझ्या ज्यूटच्या पिशवीत नऊ पुस्तकं आणि एक अहवाल जमला होता. दहावं आईने दिलं. आई नव्वदीला टेकली आहे. भाचीला काहीतरी 'देण्या-घेण्याचं' वाचायला हवंय, एवढंच तिच्या कानावर गेलं होतं. तिने ट्रंकेतून आहेराची वही काढून दिली. १९६८, आत्याचं लग्न. पानावर दोन रकाने, आलेलं आणि दिलेलं. 'तांब्या १. पितळी डबा १, झाकण सैल. रोख ११. रोख ५, जेवायला सहा.' एका नावापुढे नुसतं 'आशीर्वाद' लिहिलं होतं, आणि त्याच माणसाच्या मुलाच्या लग्नाच्या तारखेसमोर, चार वर्षांनी, आमच्याकडून दिलेलं : 'आशीर्वाद.'

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच विद्वानाने १९२५ मध्ये लिहिलं, की भेट ही फुकट नसतेच. देणं भाग, घेणं भाग आणि परत करणंही भाग. त्यासाठी त्याने प्रशांत महासागरातल्या बेटांपासून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापर्यंतची माहिती धुंडाळली, तीही पॅरिसमध्ये बसून. आईची वही त्याला मिळती तर त्याचे बरेच कष्ट वाचते. एक रुपया जास्त का, अकरा का, एकवीस का, हे त्याला कुणी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. हिशेब पुरा होऊ द्यायचा नाही, तो जरा उघडा ठेवायचा, म्हणजे येणंजाणं राहतं, असं आई सांगते.

पिशवी घेऊन मी बहिणीकडे गेलो. भाची मोबाइलवर होती. "मामा, ते मी परवाच देऊन टाकलं."

"काय दिलंस?"

"पाच वाचनं. सगळ्यात कमी पानांची शोधली." तिचा मुद्दा साधा होता. मार्क तेवढेच, मग जास्त पानं कशाला? रानड्यांनी काहीही म्हटलेलं असो, विलायती अर्थशास्त्रातला तो एकटा, फायदा बघून घेणारा माणूस मला अखेर घरातच भेटला होता.

पण तिने वाचलं होतं, हे मानलं पाहिजे. अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा तेरा पानी निबंध तिने मला चहा होईपर्यंत समजावून सांगितला. जुन्या मोटारींचा बाजार. गाडी आतून कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भाव पाडून मागतो, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही, आणि शेवटी उरतात भंगार. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता; २००१ मध्ये त्याच्यावरच त्याला नोबेल मिळालं. "तुमच्या बायोडेटासारखं आहे हे, मामा," ती म्हणाली. "स्वभाव : मनमिळाऊ. सगळेच लिहितात. मग खरंच मनमिळाऊ असलेल्याने काय लिहायचं?" माझी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली, कारण तिच्या मते हा निबंध विषयाला धरून नव्हता आणि स्थळ चांगलं होतं.

दुसरा ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा, १९७३ चा. नोकरीची बातमी जवळच्या मित्रांकडून कमी कळते, नुसत्या ओळखीच्यांकडून जास्त, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. तो ऐकताना मला बँकेत कोणी लावलं ते आठवलं : वडिलांच्या मित्राच्या भाडेकरूंनी. तिसरा-चौथा मी विसरलो. पाचव्या जागी तिने, आजीची वही ट्रंकेत असते हे लहानपणापासून माहीत असल्यामुळे, ती घातली होती. 'अप्रकाशित हस्तलिखित, कौटुंबिक संग्रह, १९६८ पासून पुढे.' सरांनी तिच्याभोवती लाल शाईने गोल काढून बाजूला लिहिलं होतं : 'छान. पान क्रमांक?'

पिशवी परत घेऊन आलो. मग परत करण्याचा कार्यक्रम. 'गावगाडा' मी मुदत वाढवून ठेवून घेतलं. अहवाल साडूंना परत देता येत नाही. तो सप्रेम भेट असतो. त्याची परतफेड म्हणून मी त्यांच्या पतसंस्थेत एक वर्षाची ठेव ठेवली आहे. प्राध्यापक पुस्तकं परत घेण्याआधी प्रत्येकावर माझं मत विचारतात, म्हणून मी ती वहिनींकडे, ते फिरायला गेलेले असताना, मिसळणाच्या डब्यामागे ठेवून आलो. त्यांना अजून पत्ता नाही. बहुतेक फोडणी देताना लागेल.

राहिला मार्क्स. इतक्यात कॉम्रेडांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. तळाला 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं. मी आईच्या वहीत बघितलं. १९९४ मध्ये, आमच्या वास्तुशांतीला, त्यांच्याकडून रोख १०१. "एक हजार एक करा," ही म्हणाली, "पुस्तक चार महिने वापरलंय." पाकीट केलं, वर रुपया चिकटवला. पुस्तक पिशवीत घालताना ते हातातून निसटलं आणि साताऱ्याचं तिकीट खाली पडलं. पान ३८ हे मला तेव्हा काही केल्या आठवेना. अंदाजाने कुठेतरी खोचलं.

कार्यालयाच्या दारातच कॉम्रेड भेटले. पाकीट त्यांनी न बघता, "कशाला, कशाला" म्हणत कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. पुस्तक मात्र उघडलं. तिकीट २१२ व्या पानावर होतं. त्यांनी पान बघितलं, तिकीट बघितलं, पुन्हा पान बघितलं.

"अरे," ते म्हणाले, "बरंच झालं होतं की माझं!"